पेशीची पोथी

दसऱ्याच्या सुमारास आमच्या छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेंत, सीताफळांच्या पाट्या येऊं लागतात. दौलताबादच्या बाजूचें सीताफळ ह्या भागांत नांवाजलेलें. किल्ला पाहून परतणारा पाहुणा चार फळें घेतल्यावांचून सहसा येत नाहीं. घरीं आणलेलीं फळें दोन दिवस तांदुळांत ठेवावीं, मऊ झालीं कीं फोडावीं, आणि मग मुलांनीं कोणाच्या फळांत किती बिया निघाल्या ह्याची मोजदाद करावी, हा आमच्या घरचा नेहमींचा क्रम. गेल्या वर्षीं ही मोजदाद चालली असतां धाकट्या नातीनें आजीस विचारलें, "सीताफळ एवढेंच कां वाढतें? भोपळ्याएवढें कां होत नाहीं?" सगळे हंसले. आजींनीं "देवानें त्याला तेवढेंच माप दिलें आहे," असें म्हणून तिचें समाधान केलें.

समाधान झालें तें मुलीचें. आमचें झालें नाहीं. कारण प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. वाढ सर्वांस दिसते; ती थांबते कशी, हें मात्र कोणाच्या मनांत येत नाहीं. जी वस्तु आपोआप वाढूं शकते ती वेळेवर थांबते, ही सृष्टींतील मोठ्या आश्चर्यांपैकीं एक गोष्ट आहे. आणि जेथें हें थांबणें बिघडतें तेथें काय अनर्थ ओढवतो, हें पुष्कळ घरांना दुर्दैवानें ठाऊक आहे.

ह्याच प्रश्नाशीं महाराष्ट्रांतील एका विदुषीचें आयुष्य जोडलेलें होतें. डॉ. कमल रणदिवे ह्या मूळच्या समर्थ घराण्यांतील. त्यांचा जन्म पुण्यास ८ नोव्हेंबर १९१७ रोजीं झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवीत. हुजूरपागेंत शिक्षण झाल्यावर त्यांनीं वनस्पति व प्राणी ह्यांच्या शास्त्राची वाट धरली आणि १९४३ सालीं पुण्याच्या कृषि महाविद्यालयांतून एम. एस्सी. ही पदवी मिळविली. त्या वेळीं त्यांच्या अभ्यासाचा खास विषय होता सीताफळाच्या कुळांतील वनस्पतींच्या पेशी व त्यांची आनुवंशिकता. सीताफळ, रामफळ, अंगणांतला हिरवा चाफा हीं सर्व ह्याच कुळांतलीं. पुढें ह्याच बाईंनीं मुंबईस कर्करोगाच्या संशोधनांत सारें आयुष्य वेंचलें. सीताफळापासून कर्करोगापर्यंतचा हा प्रवास वरवर पाहतां विलक्षण वाटेल. परंतु दोहोंच्या मुळाशीं विषय एकच आहे. पेशी वाढते कशी, आपल्याजवळच्या वारशाची नक्कल करते कशी, आणि एकीच्या दोन होते कशी, हा तो विषय होय.

भिंत जशी विटांची, तसें प्रत्येक सजीवाचें शरीर पेशींचें बनलेलें असतें. मात्र वीट निर्जीव असते व गवंडी ती बाहेरून आणून लावतो. पेशी जिवंत असते आणि ती दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते. एका दिव्यानें दुसरा दिवा लावावा, त्याप्रमाणें ही परंपरा अखंड चालत आलेली आहे. जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो ह्यांनीं १८५५ सालीं हा सिद्धान्त ठामपणें मांडला. माणसाच्या शरीरांत अशा सुमारें ३७ लाख कोटी पेशी असतात, आणि त्या सर्व मातेच्या उदरांतील एकाच पेशीपासून झालेल्या असतात. सीताफळाचेंही तेंच. फूल फळूं लागलें कीं आरंभीं त्यांतील पेशी झपाट्यानें विभागून संख्येनें वाढतात. नंतर विभाजन मंदावतें व त्याच पेशी रसानें भरून फुगतात. मुलीनें विचारलेलें माप ह्या दोन क्रियांनीं ठरतें.

पेशीच्या मध्यभागीं एक गोल केंद्रक असतें. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग ह्यांनीं पेशींस रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, तेव्हां विभागणाऱ्या पेशीच्या केंद्रकांत रंग शोषून घेणारे बारीक धागे त्यांना दिसले. त्या धाग्यांच्या हालचालींचें सविस्तर वर्णन त्यांनीं १८८२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. रंग घेतात म्हणून त्यांना रंगसूत्रें म्हणत. आतां गुणसूत्रें हें नांव रूढ झालें आहे. प्रत्येक जातीची गुणसूत्रांची संख्या ठरलेली असते. सीताफळाच्या पेशींत तीं १४, कांद्याच्या पेशींत १६, माणसाच्या पेशींत ४६.

हें स्वतः पाहण्याची हौस असेल त्यांनीं एक सोपा प्रयोग करावा. पाण्यानें भरलेल्या पेल्याच्या तोंडावर एक कांदा असा ठेवावा कीं त्याचें बूड जेमतेम पाण्याला टेंकेल. तीन-चार दिवसांत पांढरीं मुळें फुटतात. मुळाचें अगदीं टोंक, दोन-तीन गुंजांच्या रुंदीचेंही नव्हे, फक्त एक-दोन मिलिमीटर, एवढाच भाग विभागणाऱ्या पेशींचा असतो. शाळा-महाविद्यालयांतील प्रयोगशाळेंत हें टोंक सौम्य आम्लांत मऊ करून, लाल रंग देऊन, कांचेच्या दोन पट्ट्यांमध्यें दाबून पाहतात. बहुतेक पेशी स्वस्थ बसलेल्या दिसतात. पण मधून मधून एखादींत ते धागे गोळा झालेले, एखादींत मध्यावर ओळीनें लागलेले, आणि एखादींत दोन टोंकांकडे निघालेले दिसतात. जीवनाचें रहस्य पाहण्यास दूर जाण्याची गरज नाहीं. स्वयंपाकघरांतल्या टोपलींत तें पडलेलें आहे.

आतां ह्या धाग्यांत असतें तरी काय? त्यांत डीएनए नांवाचा अतिशय लांब रेणु गुंडाळून ठेवलेला असतो. माणसाच्या एका पेशींतील डीएनए उलगडून सरळ केला तर तो सुमारें दोन मीटर, म्हणजे माणसाहून लांब, भरेल. तो पिळलेल्या शिडीसारखा आहे, हें वॉटसन व क्रिक ह्यांनीं १९५३ सालीं दाखविलें. शिडीच्या पायऱ्या चार रासायनिक अक्षरांच्या जोड्यांनीं बनतात: ॲडेनिनसमोर नेहमीं थायमिन, आणि ग्वानिनसमोर नेहमीं सायटोसिन. ह्या चार अक्षरांच्या क्रमानें शरीराची सारी संहिता लिहिलेली असते. प्रत्येक पेशीजवळ ही एक संपूर्ण पोथीच आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं. गंमत अशी कीं पोथीच्या आकारावरून तिच्या धन्याची योग्यता ठरत नाहीं. कांद्याची पोथी माणसाच्या पोथीपेक्षां सुमारें पांचपट मोठी आहे.

एकीच्या दोन पेशी व्हावयाच्या तर दोघींस पोथी हवी, म्हणून विभाजनापूर्वीं पोथीची नक्कल करावी लागते. शिडी मधून उकलते, दोन्ही बाजू सुट्या होतात, आणि प्रत्येक अक्षरासमोर त्याचें ठरलेलें जोडीदार अक्षर येऊन बसतें. एका शिडीच्या दोन शिड्या होतात. प्रत्येकींत एक बाजू जुनी व एक नवी. मेसेल्सन व स्टाल ह्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं ही गोष्ट १९५८ सालीं प्रयोगानें सिद्ध केली. ज्या वर्षीं आमच्या शहरांत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, तेंच हें वर्ष.

नक्कल म्हटली कीं ह्या जिल्ह्यांतील वाचकांस पैठणच्या एकनाथमहाराजांची आठवण व्हावी. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें (इ. स. १२९०) सिद्ध झाली. छापखाने नव्हते, एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा नकला होत गेल्या. कोठें लेखनिकाची नजर चुकली, कोठें ओळ गळली, कोठें नवाच पाठ शिरला. आणि एकाची चूक पुढच्या सर्वांच्या पोथ्यांत उतरली. अखेर शके १५०६ मध्यें (इ. स. १५८४), म्हणजे सुमारें तीनशें वर्षांनीं, देवगिरीस जनार्दनस्वामींच्या चरणांपाशीं शिकलेल्या नाथांनीं तो ग्रंथ शुद्ध करून दिला.

पेशीला तीनशें वर्षें वाट पाहण्याची सोय नाहीं. ती लिहितां लिहितांच शुद्ध करीत जाते. नक्कल करणारें प्रथिन सुमारें लाख अक्षरांमागें एखादें चुकतें. पण तें लगेच मागें वळून आपली चूक खोडतें. तेव्हां हें प्रमाण सुमारें कोटींत एक इतकें खालीं येतें. त्यानंतर दुरुस्तीचीं दुसरीं प्रथिनें नव्या प्रतीवरून फिरतात व सुटलेल्या चुका हुडकतात. शेवटीं शंभर कोटी अक्षरांत सुमारें एक चूक राहते. माणसाच्या पेशींत सहाशें कोटींहून अधिक अक्षरें असतात. एवढ्या नकलेंत उरणाऱ्या चुका हाताच्या बोटांवर मोजतां येतील. असा लेखनिक कोणत्याही मठास कधीं लाभला नसेल.

कामाचा वेगही तसाच. माणसाच्या पेशींत एक लेखनिक सेकंदास सुमारें ५० अक्षरें लिहितो. सर्वांत मोठें गुणसूत्र जवळजवळ २५ कोटी अक्षरांचें आहे. तें एकट्यानें एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत लिहावयाचें तर दोन महिने लागतील. म्हणून पोथीचीं पानें वांटून द्यावीं त्याप्रमाणें पेशी हजारों ठिकाणीं एकाच वेळीं नक्कल सुरू करते, आणि सारें काम सुमारें आठ तासांत उरकतें. लवकर विभागणाऱ्या पेशीचा दिवस असा असतो: सुमारें अकरा तास वाढीचे, आठ नकलेचे, चार तपासणीचे व तयारीचे, आणि प्रत्यक्ष विभाजनाचा एकच तास.

त्या एका तासांत मोठी शिस्त पाळली जाते. लांब धागे आखडून जाड होतात. प्रत्येकाच्या दोन प्रती अजून एकमेकींस चिकटलेल्या असतात. केंद्रकाचें आवरण विरून जातें. पेशीच्या दोन टोंकांकडून बारीक तंतु येतात व प्रत्येक जोडीस दोन्ही बाजूंनीं पकडून मध्यावर ओळीनें उभें करतात. पंगतींत शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत पहिल्या पानाचा मनुष्य घांस उचलीत नाहीं, तसेंच येथें आहे: शेवटची जोडी दोन्हीकडून नीट धरली जाईपर्यंत एकही जोडी सुटत नाहीं. मग सर्व जोड्या एकदम सुटतात, एकेक प्रत एकेका टोंकाकडे जाते, आणि पेशी दुभंगते. वनस्पतींत मध्यें नवी भिंत उभी राहते. प्राण्यांत पेशी मध्यें आंवळली जाऊन तुटते. बीज तयार होतें तेव्हां मात्र एक निराळें विभाजन होऊन संख्या निम्मी केली जाते. सीताफळाच्या बीजाला सात गुणसूत्रें मातेकडून व सात पित्याकडून मिळतात, आणि पुन्हां चौदा पूर्ण होतात.

हें काम आपल्या देहांत अहोरात्र चालूं आहे. अस्थिमज्जेंत दर सेकंदास सुमारें वीस लाख तांबड्या रक्तपेशी तयार होतात. आंतड्याचें अस्तर चार-पांच दिवसांत नवें होतें. विळीवर भाजी चिरतांना बोट कापतें, तेव्हां जखमेच्या कडेच्या पेशी विभागूं लागतात. पण खरें नवल पुढें आहे. जखम भरली कीं त्या थांबतात. बोट पूर्वीं होतें तेवढेंच होतें.

थांबविणारी ही व्यवस्था काय आहे, ह्याचा शोध हार्टवेल, नर्स व हंट ह्या तिघांनीं यीस्ट व समुद्रांतील साळूसारख्या जीवाचीं अंडीं ह्यांवर प्रयोग करून लाविला. त्यासाठीं २००१ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. पेशीच्या दिनक्रमांत जागोजाग चौक्या आहेत. पोथी फाटली आहे काय, नक्कल पुरी झाली काय, धागे नीट धरले काय, हें पाहिल्यावांचून पेशीला पुढें जातां येत नाहीं. ह्या चौक्यांवरील एका पहारेकऱ्याचें नांव पी-५३. डीएनएला इजा झालेली आढळली कीं हें प्रथिन विभाजन रोखतें व दुरुस्तीस अवधि देतें. आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर त्या पेशीस स्वतःचा अंत करावयास लावतें. एका पेशीनें जावें व शरीर वांचावें, असा हा न्याय आहे.

एवढी दक्षता असूनही अनेक वर्षांत थोड्या चुका सांचतात. तंबाखूसारखें विष त्यांत भर घालतें. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. परंतु एखादी वाढीस चेतविणाऱ्या जागीं पडली, दुसरी थांबविणाऱ्या जागीं पडली, आणि अशा कांहीं एकाच पेशींत एकत्र आल्या, म्हणजे ती पेशी थांबणें विसरते. तिच्या लेकीसुनाही थांबत नाहींत. हाच कर्करोग. माणसाच्या सुमारें निम्म्या कर्करोगांत पी-५३ हा पहारेकरीच बिघडलेला आढळतो. कर्करोग म्हणजे पूर्वजन्मींचें पाप नव्हे, कोणाची दृष्टही नव्हे. नकलेंतली चूक आणि सुटलेला लगाम, एवढाच त्याचा अर्थ.

डॉ. कमलाबाईंनीं ह्याच लगामाचा शोध घेतला. डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं १९४९ सालीं मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळविली, आणि पुढें अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉर्ज गाय ह्यांच्या प्रयोगशाळेंत, शरीराबाहेर कांचपात्रांत पेशी वाढविण्याची विद्या त्या शिकल्या. परत येऊन त्यांनीं मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्यें पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशीं संबंध असतो, हें आरंभींच ओळखणाऱ्यांत त्यांची गणना होते. १९७३ सालीं त्यांनीं सहकाऱ्यांसह भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांची संस्था स्थापिली. १९८२ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें. २००१ सालीं त्या निवर्तल्या.

ज्या जॉर्ज गाय ह्यांच्याकडे त्या शिकल्या, त्यांच्याच प्रयोगशाळेंत १९५१ सालीं हेन्रिएटा लॅक्स नांवाच्या एका गरीब कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गांठींतील पेशी वाढविण्यांत आल्या. बाईला कोणी विचारलें नव्हतें. ती त्याच वर्षीं वारली, वय अवघें ३१. पण 'हेला' ह्या नांवानें तिच्या पेशी आजही जगभर विभागतच आहेत. त्या थांबत कां नाहींत, ह्याचें उत्तर पुढें मिळालें. त्या पेशींत एचपीव्ही नांवाचा विषाणु शिरलेला होता. हा विषाणु दोन प्रथिनें करवून घेतो: एक पी-५३ चा नाश करतें, दुसरें आरबी नांवाच्या दुसऱ्या पहारेकऱ्यास निकामी करतें. दोन्ही चौक्या ओस पडतात.

येथें हा विषय प्रयोगशाळेंतून निघून आपल्या माजघरांत येतो. गर्भाशयमुखाचे जवळजवळ सर्व कर्करोग ह्याच विषाणूमुळें होतात. विवाहित आयुष्यांत हा विषाणु इतका सर्वत्र आढळतो कीं बहुतेकांस तो केव्हां ना केव्हां गांठतो, आणि बहुतेकांचें शरीर त्याला आपोआप हांकून देतें. ह्यांत कोणाच्या शीलाचा प्रश्न नाहीं. थोड्या स्त्रियांत तो ठाण मांडून बसतो. तेथून कर्करोग होण्यास साधारणतः पंधरा-वीस वर्षें लागतात. म्हणजे शत्रु दाराशीं आल्यापासून घरांत शिरेपर्यंत आपणांस पंधरा वर्षें मिळतात. तीं आपण कशीं घालवितों?

धाराशिव (तेव्हांच्या उस्मानाबाद) जिल्ह्यानें ह्याचें उत्तर साऱ्या जगास दिलें आहे. १९९९ सालापासून तेथील खेड्यांतील ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास करण्यांत आला. ज्या गटांत ह्या विषाणूची तपासणी एकदांच करून आवश्यक तेथें उपचार केले, त्या गटांत आठ वर्षांत ह्या रोगानें होणाऱ्या मृत्यूंचें प्रमाण, तपासणी न झालेल्या गटाच्या मानानें जवळजवळ निम्मे झालें. २००९ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आयुष्यांत एकदां केलेल्या तपासणीचें हें फळ.

आमच्या घरांत एक काकू होत्या. सीताफळाच्या बिया काढून मुलांना गर भरविणाऱ्या त्याच. वयपरत्वें बंद झालेला विटाळ त्यांस पुन्हां दिसूं लागला. असल्या गोष्टी बोलावयाच्या नसतात, म्हणून त्या बोलल्या नाहींत, वर्ष लोटलें. डॉक्टरांकडे नेलें तेव्हां उशीर झाला होता. त्यानंतर घरांत त्या दुखण्याचें नांव कोणीं घेतलें नाहीं. त्यांचें ताट-भांडें मात्र, कोणी न सांगतां, वेगळें झालें. हा रोग ताटा-वाटींतून, सहवासांतून किंवा सेवेंतून लागत नाहीं, हें आम्हां पदवीधरांना ठाऊक नव्हतें असें नाहीं. ठाऊक असून कोणी बोललें नाहीं, हेंच आज अधिक बोंचतें.

आतां साधनें हाताशीं आहेत. आमच्या शहरांत २०१२ सालापासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तिशीनंतर स्त्रियांनीं, कांहीं दुखत नसतांही, ही तपासणी करून घ्यावी. बंद झालेला रक्तस्राव पुन्हां दिसल्यास किंवा स्तनांत न दुखणारी गांठ लागल्यास त्याच आठवड्यांत डॉक्टरांस दाखवावें. ह्या विषाणूवर लसही आहे. ती साधारणतः नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना देतात, कारण विषाणूची गांठ पडण्यापूर्वीं ती सर्वांत गुणकारी ठरते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें तयार केलेल्या अशा लशीस २०२२ सालीं परवानगी मिळाली.

सीताफळाचा प्रश्न विचारणारी ती मुलगी आतां नऊ वर्षांची होईल. लशीचा विषय निघाला तेव्हां आजींनीं प्रथम "लग्नाआधीं हें कशाला?" असें म्हटलें. त्यांना पोथीची, नकलेची व पहारेकऱ्यांची ही सारी हकीकत सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनीं काकूंचें नांव घेतलें. पुष्कळ वर्षांत तें घरांत प्रथमच मोठ्यानें उच्चारलें गेलें. "मुलीला लस टोंचून आणा," त्या म्हणाल्या, "आणि दोघी सुनांना तपासणीस मी स्वतः घेऊन जाईन. दिवस तेवढा ठरवा."